राखेनं घासलेली डिकी

डिकी उघडली तर आतल्या रबरावर वाळलेला तपकिरी ओघळ.

आधी मी तो ग्रीस समजलो. आमच्या धंद्यात तपकिरी डाग दिसला की माणूस ग्रीस म्हणतो, गंज म्हणतो, फार तर पानाची पिचकारी म्हणतो. मी बोटानं चोळून पाहिलं, वास घेतला. तोवर डॉक्टर खिल्लारे माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी एकदाच वाकून पाहिलं.

"रक्त आहे, मिस्तरी," ते म्हणाले.

डॉक्टरनं रक्त म्हटल्यावर वाद कसला घालता? माझा हात आपोआप मागं आला.

परभणीत मी उभी हयात गाड्या रंगवल्या. डेंटिंग-पेंटिंग म्हणतात त्याला. डेंटिंग म्हणजे चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा आणि पेंटिंग म्हणजे तो कधी चेपलाच नव्हता असं दाखवायचं. माझं दुकान स्टेशनच्या बाजूला होतं. गाड्या माझ्याकडे येत, मी गाड्यांकडे जात नसे. पण त्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या बायकोचा, सुनंदाबाईंचा निरोप आला. त्या हायस्कूलला शिक्षिका. निरोप असा होता की ओरखडे काढायचे आहेत, गाडी भर बाजारातून दुकानावर आणायची नाही, सामान घेऊन घरी या. मला वाटलं बाईंनीच गेटला गाडी घासली असेल आणि नवऱ्याला कळायच्या आत मिटवायचं असेल. अशी कामं मी पुष्कळ केली होती. सायकलच्या हँडलला बादली अडकवली, पिशवीत घासायचा वॉटर पेपर, कंपाउंडचा डबा, मऊ फडकी टाकली आणि निघालो.

घरी गेलो तर डॉक्टर दवाखाना बंद ठेवून अंगणात उभे. गेट आतून लावलेलं. सुनंदाबाई शाळेला रजा टाकून पायरीवर बसलेल्या. गाडीकडे पाहिलं आणि मला पुढं पाऊल टाकवेना.

ती गाडी परभणीत सगळ्यांना पाठीवरून ओळखू यायची. पिस्ता रंगाची जुनी फियाट, आणि डिकीवर गडद निळ्या अक्षरात 'जय भीम'. डॉक्टर रानीसावरगावच्या पुढच्या एका खेड्यातले. त्या गावच्या बौद्ध वस्तीतला पहिला डॉक्टर आणि पहिली मोटार. गाडी घेतल्या घेतल्या त्यांनी एका बोर्ड रंगवणाऱ्याकडून ही अक्षरं काढून घेतली होती. काम झकास होतं, हे मी धंदेवाईक म्हणून सांगतो. आता त्या अक्षरांच्या जागी पांढुरका, खरबरीत पट्टा होता आणि त्यातून दोन-तीन ओढी अशा खोल गेलेल्या की खालचा काळा पत्रा दिसत होता.

नामांतराची ती वर्षं. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून आमच्या भागात माणसं दोन बाजूंना झाली होती. मोर्चे, बंद, रस्ता रोको चालूच असायचे. त्याच्या आधी एकदा खेड्यापाड्यांतल्या वस्त्यांमधली घरं जळालेली होती आणि ते कोणी विसरलेलं नव्हतं. अशा दिवसांत ते दोन शब्द असे खरवडलेले पाहून काय वाटलं असेल ते सांगायला नको. मी शेतकरी घरातला, मराठ्याचा. हे आमच्यातल्याच कोणाचं तरी काम, हे पहिलं माझ्या मनात आलं आणि डॉक्टरांकडे बघायची मला लाज वाटली.

डॉक्टरांनी मला काय घडलं ते सांगितलं. घडलं होतं असं. पुतणीची सोयरीक पक्की करायला ते बायको-लेकरांसह गावी गेले होते. चावडीपुढं गाडी उभी केली तेव्हा सरपंचाचा मुलगा दिगंबर आडवा आला. म्हणाला, डॉक्टर, हे मागचं लिवलेलं परभणीत मिरवायचं, गावात आणायचं न्हाई. डॉक्टरांनीही त्याला चार माणसांत सुनावलं. रात्र गावात काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले तेव्हा गाडीची मागची बाजू चिखलानं माखलेली होती. वाटेत ओढा लागतो, येताना चिखल उडाला होताच, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. परभणीला आल्यावर सुट्टीच्या दिवशी सुनंदाबाईंनी गाडी धुवायला घेतली. चिखल गेला आणि खाली हे निघालं.

"दिगंबरच," डॉक्टर म्हणाले. "आणि वरून चिखल फासला, म्हणजे मला परभणीत आल्यावरच कळावं. पण हे रक्त बघा. घाईत हत्यार सटकलं आणि हात कापला त्याचा. बरं झालं. पोलिसांनी फक्त गावात कोणाचा हात बांधलेला आहे तेवढं बघायचं."

"तुम्ही ठाण्यात गेलात का?"

"दुपारी फोटोवाला येतोय. फोटो निघाले की जातो. तोवर तुम्ही हात लावायचा नाही. फक्त बघून सांगा, कशानं केलंय ते."

हे माझं काम नव्हे. मी गाडी नीट करणारा माणूस, पंचनामा करणारा नव्हे. पण बघितलं.

ओरखडा बघायची एक साधी रीत आहे, कोणालाही घरी करता येईल. आडवं नख ओरखड्यावरून फिरवायचं. नख अडकलं नाही तर ओरखडा नुसता वरच्या रंगात आहे, तो कंपाउंडनं, म्हणजे रंगाला चमक आणणाऱ्या लगद्यानं, चोळून जातो. नख अडकलं तर तो खाली अस्तरापर्यंत, नाहीतर पत्र्यापर्यंत गेलाय. मग चोळून काही होत नाही. तिथं पुन्हा अस्तर, लांबी आणि रंग. लांबी म्हणजे खड्डा भरायचा लगदा. दुसरी रीत पाण्याची. ओल्या फडक्यानं पुसलं आणि ओरखडा दिसेनासा झाला तर घाबरायचं कारण नाही.

मी नख फिरवलं. दोन-तीन ओढी खोल होत्या, त्या विळ्याच्या टोकाच्या. पण बाकी सगळा पट्टा वेगळाच होता. बारीक, गोल गोल, एकात एक अडकलेले ओरखडे. अक्षराच्या कडेला बोट लावलं तर राखाडी पूड आली. मी ती चिमटीत धरून पाहिली आणि माझं डोकंच फिरलं, कारण ती चुलीतली राख होती.

आता घरगुती उपायांवर माझा फार जुना राग आहे. ओरखडा पडला की लोक मिस्तरीकडे यायच्या आधी घरात जे सापडेल ते त्याच्यावर घासतात. कोणी टूथपेस्ट, कोणी रॉकेल, कोणी पितळ चमकवायचं पॉलिश. एका वकिलांनी चिंच लावली होती, देवाची भांडी निघतात म्हणून. आणि आमच्याकडं राख आणि नारळाची शेंडी तर ठरलेलीच. तांब्या निघतो म्हणून मोटारही निघणार. राख रंगाला खाते हो. ओरखडा राहतो जागच्या जागी आणि भोवतालची चमक तेवढी जाते.

मी पायरीकडे वळलो. "बाई, राग मानू नका, पण तुम्ही शिकलेल्या. राखेनं कशाला घासलं? बोलवायचं ना मला आधी."

सुनंदाबाई उठून उभ्या राहिल्या. "मी? मी नुसतं पाणी मारलंय, मिस्तरी. पायपानं. या घरात गॅस आहे. राख आणू कुठून?"

मी घराकडे पाहिलं, परसाकडे पाहिलं. चूल नव्हती. बाई खोटं बोलत नव्हत्या.

"साहेब," मी म्हणालो, "एक सांगू? ज्याला खोडी काढायची असते तो असा बसून घासत नाही. बॉनेटपासून मागपर्यंत खिळा ओढतो आणि पळतो. असल्या गाड्या मी ढिगानं केल्यात. ह्यानं आधी विळ्यानं खरवडलं, ते जमेना, मग राख घेऊन बसला. आणि अक्षराच्या बाहेर फारसा गेलेला नाही. जपून केलंय."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. "जपून? म्हणजे सभ्य माणूस होता म्हणा की."

"तसं नाही म्हणालो मी."

"तुमचं गाव कोणतं, मिस्तरी?"

"पालमच्या जवळ."

"आडनाव विचारत नाही. ते मला माहीत आहे."

मनाला लागलं, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्या जागी मी असतो तर यापेक्षा वाईट बोललो असतो हेही कळत होतं. मी बादलीपाशी जाऊन बसलो.

नवरा-बायकोचं मग माझ्यासमोरच सुरू झालं. सुनंदाबाई म्हणत होत्या, "नाव दिलं की पोलीस गावात जाणार. गावात तुम्ही नाही, आबा आहेत. भाऊजी आहेत. पोरीची सोयरीक झालीय. जे व्हायचं ते त्यांचं होणार. मिस्तरींना आत्ता घासू द्या, विषय संपवा."

"आणि तो मोकळा फिरणार?"

"फिरू द्या."

"सुनंदा, आज डिकीवर विळा चालवलाय. उद्या?"

दोघांचंही मला पटत होतं आणि मी मधे बसलो होतो, हातात कोरडं फडकं घेऊन. एका पोराचं नाव ठाण्यात जाणार होतं, आणि ते गेलं की गावातल्या त्या वस्तीत काय होणार याची मला खरोखर भीती वाटत होती.

तेवढ्यात गेट वाजलं. सुनंदाबाईंना वाटलं फोटोवाला आला. बघतात तर सासरे.

आबा, डॉक्टरांचे वडील. उन्हानं रापलेला, किडकिडीत म्हातारा. धोतर, पांढरा सदरा आणि अशा उकाड्यातही खांद्यावरून पुढं घट्ट ओढून घेतलेली शाल. एसटीनं गंगाखेड, तिथून दुसरी गाडी, आणि स्टँडवरून पायी आला होता. डॉक्टर चकित झाले. "आबा? कळवलं नाही काही."

"पहाटं येरवाळीच निगालो." आबा गाडीकडं न बघता पायरीवर टेकले. "उत्तम, काल तुज्या दवाखान्यात आपल्या गावचा माणूस आलता न्हवं? त्याला तू मनलास का, दिगंबरवर केस करायलाव मनून?"

"हो. म्हणालो."

"त्यानं येऊन साऱ्या वस्तीत सांगितलं. पोरं तापलीत. तिकडं चावडीवर बी कळलंय. तिकडची पोरं बी गोळा व्हायलीत." म्हातारा धापा टाकत होता. "ठाण्यात गेलता का तू?"

"फोटो झाले की जातोय."

"जाऊ नको."

सुनंदाबाईंनी पाण्याचा तांब्या-पेला आणला. आबांनी डावा हात पुढं केला. आमच्याकडं म्हातारी माणसं डाव्या हातानं पाणी घेत नाहीत. सूनबाई क्षणभर थांबल्या, पण पेला दिला. मला ते दिसलं, पण त्याचा अर्थ डोक्यात आला नाही.

डॉक्टर मात्र पेटलेच होते. बापाच्या तोंडून 'जाऊ नको' ऐकल्यावर त्यांचा तोल गेला. "आबा, तुम्ही मधे पडू नका. तुमचं सगळं आयुष्य मान खाली घालण्यात गेलं. माझं नाही जाणार. त्या गाडीवर काय लिहिलं होतं माहीत आहे ना तुम्हाला? ज्यानं ते खरवडलं, त्याचा हात कापलाय. हे बघा रक्त. मी पोलिसांना सांगणार आहे, तो हात शोधा आणि धरून आणा."

आबांनी पेला खाली ठेवला. शाल बाजूला केली. उजव्या हाताला अंगठ्यापासून मनगटापर्यंत लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या आणि त्यावर काळपट डाग होता.

"ह्यो घे हात," ते म्हणाले. "ने धरून."

मी आयुष्यात पुष्कळ अपघाताच्या गाड्या पाहिल्या आहेत, काचेला केस चिकटलेल्या गाड्या धुतल्या आहेत. पण तो हात मला बघवेना. डॉक्टर त्या चिंध्यांकडे बघत होते.

शेवटी ते एवढंच म्हणाले, "तुम्ही?"

"मीच."

"का? आबा, का पण?"

म्हातारा मान खाली घालून बोलायला लागला. आवाज अगदी साधा होता. "आदल्या दिशी बाजारला गेलतो. च्याच्या हाटेलात पोरं बोलायलती. सकाळच्याला गंगाखेडच्या आलीकडं रस्ता आडवायचा, आन् निळी आक्षरं दिसली की गाडी पुढं जाऊ द्यायची न्हाई. तुला सांगितलं आसतं तर तू आइकला आसतास का? तू मुद्दाम त्याच रस्त्यानं गेला आसतास. मला ठावं हाय तू कसा हायस."

"म्हणून तुम्ही..."

"मागं घरं जळाली तवा शेजारच्या गावात मी इझवायला गेलतो, उत्तम. तू तवा शिकायला व्हतास. मी जे बगितलं ते तुला कदी सांगितलं न्हाई. गाडीत लेकरं बसणार व्हती. दोनी लेकरं." त्यांनी बांधलेला हात मांडीवर ठेवला. "पहाटंच उटलो. मला वाटलं, भांड्याचं काळं निगतं तसं निगंल. इळ्यानं बगितलं, तर इळा सटकला. मग राख आन् शेंडी घिऊन बसलो. लय घासलं. उजाडाया लागलं तवा वर चिकूल फासला."

मला त्या दिवशीची गोष्ट लक्षात होती. गंगाखेडजवळ खरंच गाड्या अडवल्या होत्या. माझ्याच दुकानात नंतर काचा फुटलेली एक जीप आली होती. मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनाही ते आठवत होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

सुनंदाबाई हळूच म्हणाल्या, "त्या नाक्यावर पोरांनी आपल्या गाडीभोवती फेरी मारली होती. मागं जाऊन बघितलं आणि म्हणाले, जाऊ द्या."

डॉक्टर खाली बसले. बापाच्या पायापाशी, जमिनीवर. त्यांनी त्या चिंध्या सोडायला सुरुवात केली. शेवटची घडी जखमेला चिकटली होती, ती पाणी मारून सोडवली. अंगठ्याच्या बुडाशी खोल चीर गेलेली, आणि त्यात राख. डॉक्टर ती राख पाण्यानं धुवायला लागले. "इतके दिवस हे असं ठेवलंत? मुलगा डॉक्टर आहे तुमचा," ते म्हणाले आणि हुंदका देऊन रडायला लागले. मग बापाला धरून ते आत घेऊन गेले.

फोटोवाला आला त्याला सुनंदाबाईंनी गेटवरूनच परत पाठवलं. मग माझ्याकडे वळल्या. "मिस्तरी, सुरू करा आता."

मी कामाला लागलो. खरं सांगतो, हात चालत नव्हते, पण काम हातात असलं की माणूस निदान कुठं बघावं हे शोधत बसत नाही. आधी साबणाच्या पाण्यानं राख काढली. मग बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून अगदी हलक्या हातानं पट्ट्यावरून फिरवला. पेपर ओलाच हवा आणि हात एकाच दिशेनं, नाहीतर ओरखडे काढता काढता नवे पडतात. मग कंपाउंड. फडक्यावर थोडंसं घ्यायचं आणि चोळायचं. आधी जोर लावायचा, मग कमी करत जायचा. पांढुरकेपणा जायला लागला, रंग वर यायला लागला.

आणि रंगाबरोबर अक्षरं वर यायला लागली.

मी थांबलो. डोकं तिरकं करून पाहिलं. उन्हात स्पष्ट वाचता येत होतं. आता निळी नव्हती, पिस्त्यावर पिस्ता, पण जास्त गडद, जास्त ताजी. याचं कारण सोपं आहे. ऊन गाडीच्या रंगाला दर वर्षी थोडं थोडं पांढरं करतं. पण ज्या जागेवर दुसरा रंग असतो तिथं ऊन पोचत नाही. अक्षरांच्या खालची जागा गाडी घेतली तेव्हा होती तशीच राहिली होती. निळा रंग म्हाताऱ्यानं काढला, राखेचा पांढुरकेपणा मी काढला, आणि खालून पुन्हा तेच दोन शब्द. मी जितकं चोळत होतो तितके ते उठत होते. एरवी मला मौज वाटली असती. त्या दिवशी मी फडकं खाली ठेवलं.

आबा बाहेर आले तेव्हा हाताला पांढरंशुभ्र बँडेज होतं. मागून डॉक्टर. म्हातारा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "गेलं का, मिस्तरी?"

"इकडून बघा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यासारखी मान तिरकी केली. "हे तर हायच की आजून," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता की भीती, मला सांगता येणार नाही. "मला वाचाया येत न्हाई, मिस्तरी. पर ही आक्षरं वळखू येत्यात. एवडीच येत्यात."

डॉक्टरांनी तोंड फिरवलं.

मी त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या, कारण विचारणं माझं काम होतं. "असंच ठेवलं तर तिरक्या उन्हात दिसत राहील. नको असेल तर सगळी डिकी कंपाउंडनं घासून एक करतो. वरचं पांढरं झालेलं निघालं की आतलं-बाहेरचं सारखं होतं. मग काही दिसणार नाही. खोल ओढींना रंग लावतो. बोला."

डॉक्टर म्हणाले, "आबा सांगतील तसं."

मघाशी हाच माणूस बापाला मधे पडू नका म्हणाला होता. आबांनी घराच्या दाराकडे पाहिलं. शाळेतून आलेली नातवंडं दारात उभी होती, आजोबांच्या बँडेजकडे बघत.

"लेकरं ल्हान हायत आजून," आबा म्हणाले. "घासा. आक्षरं काय, पुन्ना लिवता येत्यात."

मी घासलं. ऊन उतरेपर्यंत घासलं. मग खोल ओढींना अस्तर लावलं, लांबी भरली, दुसऱ्या दिवशी येऊन रंग मारला. काम असं झालं की डोळे फोडून बघितलं तरी काही सापडू नये. दुकानात अशी डिकी झाली असती तर मी रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसांना हाक मारून दाखवली असती. इथं मी फडकी धुतली आणि गुपचूप निघालो. म्हातारा डाव्या हाताचा तळवा त्या गुळगुळीत पत्र्यावरून फिरवत होता आणि त्याच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

डॉक्टर ठाण्यात गेले नाहीत. पहिल्या दिवशी संध्याकाळीच, लांबी वाळतेय तोवर, बापाला घेऊन गावी गेले आणि रात्री त्यांना घेऊनच परतले. चावडीवर गाडी उभी करून त्यांनी दिगंबरला सांगितलं की तुझं नाव मी चुकून घेतलं. दिगंबर काय म्हणाला ते मला कळलं नाही. गावात काही झालं नाही, एवढं कळलं.

मला त्यावेळी वाटलं, सुटलो. आमचं कोणी नव्हतं. घरी जाऊन बायकोला तसं सांगितलं सुद्धा. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग त्यो म्हातारा कुनाला भ्यायलता?" मी ताटावरून तसाच उठलो.

पुढं विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न एकदाचा मिटला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती फियाट माझ्या दुकानावर आली. मागून कोणा ट्रॅक्टरवाल्यानं ठोकली होती, डिकीचा कोपरा चेपला होता. मी मागं गेलो आणि हसू की काय करू हे कळेना. डिकीवर पुन्हा निळी अक्षरं होती. खिडक्या-दारांना मारतात तो ऑइल पेंट, जाड ब्रश, खाली अस्तर नाही की काही नाही. एक अक्षर मोठं, एक लहान, 'म' तर कलंडलेला, आणि दोन ठिकाणी रंगाचे ओघळ खालपर्यंत आलेले. पहिल्या पेंटरनं ते पाहिलं असतं तर ब्रश सोडून दिला असता.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"आबांनी," डॉक्टर म्हणाले. "नातवानं कागदावर काढून दिलं, त्यांनी बघून बघून लिहिलं. मला ब्रशला हात लावू दिला नाही. त्यांचा अंगठा अजून नीट वळत नाही." मग म्हणाले, "कोपरा करा, पूर्ण डिकीला रंग मारा. याला हात लावू नका."

धंद्याचा धडा विचाराल तर एकच. तेव्हापासून ओरखडा कोणी मारला याचा अंदाज मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. नखानं खोली बघतो आणि कामाला लागतो.

त्या दिवशी मी कोपरा ठोकून सरळ केला, लांबी भरली, पेपर मारला. रंग मारायच्या आधी ज्या भागावर तो उडू द्यायचा नसतो त्याला आम्ही कागद आणि टेप लावून झाकतो. काचा झाकतो, दिवे झाकतो. मी त्या अक्षरांवर कागद लावला, कडेकडेनं टेप दाबली, ओघळांसकट, आणि मग बाकीची डिकी रंगवली.